भाड्याच्या थडग्यातला माणूस

देवाचे नाव घेऊन आणि आई रोसाल्बाला स्मरून मी, आर्सेसियो ग्राखालेस मारीन, वय एकोणपन्नास, धंदा खोगिरे व चामड्याचे सामान शिवणे, राहणार सांता रीता दे ला लोमा, अंतियोकिया प्रांत, हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची झडप ठिकाणावर नाही. ती बदलण्यासाठी पुढच्या आठवड्यात मेदेयीनला जायचे आहे, आणि तिथून मी उभा परत येईन की आडवा हे डॉक्टरांनीही सांगितलेले नाही. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट नोटरींनी सल्ला दिला होता, "आर्सेसियो, घर आणि हत्यारं एवढंच लिहा. बाकीचं देवाला सांगा." देवाला मी ते वीस वर्षे सांगत आलो आहे. आता माणसांना सांगतो.

हे पत्र बंद पाकिटात राहील. साक्षीदारांनी आतला मजकूर वाचलेला नाही. पाकीट माझे आहे आणि सही माझी आहे, एवढ्यालाच ते साक्षी आहेत. माझ्या मरणानंतर नऊ रात्रींच्या प्रार्थना पुऱ्या होऊ द्याव्यात, मगच नोटरींनी पाकीट फोडावे. त्याआधी नाही. का नाही, ते शेवटच्या कलमात आहे. वाचताना माझी बहीण फाबियोला आणि श्री. एर्नान दारियो एचेवेरी हे दोघे हजर असावेत. श्री. एर्नान दारियो येतील. कागदात आपले नाव आहे म्हटले की ते येतात.

कलम पहिले. मी राहतो ते घर, पत्र्याच्या पडवीसह आणि मागच्या एवोकॅडोच्या झाडासह, फाबियोलाला द्यावे. ती मला मोठी आहे, विधवा आहे, आणि छप्पर गळते हे तिला माहीत आहे.

या घरात कादंबरीकार बेर्नाबे एचेवेरी माझ्याबरोबर सात वर्षे राहिले आणि इथेच वारले. हे वाक्य मी मुद्दाम मोहोरेच्या कागदावर लिहीत आहे, कारण अशा कागदावर ते आजवर कोणी लिहिलेले नाही. ते माझे भाडेकरू नव्हते, मालक नव्हते, नात्यातले नव्हते. फाबियोला त्यांना 'वहिनी' म्हणून चिडवायची.

"वहिनी, आज चूल कोणाची?"

"वहिनीला आधी कॉफी द्या, मग विचारा," ते म्हणायचे. त्यांना राग येत नसे. मला येत असे, आणि त्यावर दोघे हसत.

चौकातल्या एचेवेरींच्या वाड्यावर आता पितळी पाटी आहे. लेखकाने आपल्या कादंबऱ्या याच वास्तूत लिहिल्या, असे तिच्यावर कोरले आहे. आत एक टेबल आहे, त्याभोवती लाल दोर आहे, आणि तिकीट काढून लोक त्या टेबलाकडे बघतात. त्या वाड्यातून बेर्नाबे यांना एकोणिसाव्या वर्षी एका पेटीनिशी बाहेर काढले होते. पुढे त्या दारात त्यांनी पाय ठेवला नाही. त्यांनी जे लिहिले त्यातले निम्मे माझ्या चामडे कापायच्या टेबलावर लिहिले, माझे काम संपल्यावर, कातरण बाजूला सारून. ते टेबल फाबियोलाचे. तिने त्यावर मक्याचे पीठ मळावे. त्याभोवती दोर लागण्यापेक्षा त्यावर पीठ सांडलेले बरे.

कलम दुसरे. माझी हत्यारे, म्हणजे रापी, आऱ्या, हातोड्या, लाकडी साचे आणि शिवायची घोडी, ही माझ्या दुकानात काम शिकलेल्या निदिया ओसोरियो हिला द्यावीत. तिची शिवण आता माझ्याहून सरळ येते. एकच अट, तिच्या नवऱ्याने रापी कोंबडी कापायला नेऊ नये. एकदा नेली होती.

कलम तिसरे. बँकेत जे काही निघेल त्यातून आधी इस्पितळाचे भागवावे. उरेल त्यातून दर वर्षी नोव्हेंबरात तोबियास सेपेदा या माणसाच्या नावाने चर्चमध्ये एक मिसा, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, म्हणवून घ्यावी. नाव मोठ्याने घ्यावे. तोबियास कोण, ते पुढे येईल.

कलम चौथे. बेर्नाबे यांच्या पाचही कादंबऱ्यांच्या जुन्या प्रती, कपाटात आहेत तेवढ्या, एल साल्तो वस्तीवरच्या शाळेला द्याव्यात. तिथे मी पाचवीपर्यंत शिकलो. ही पुस्तके बारा-पंधरा वर्षे कोणाला नको होती. मेदेयीनच्या रद्दीवाल्याकडे ती किलोने मिळत आणि मी जाईन तेव्हा आणत असे. आता ती सगळ्या दुकानांत आहेत आणि प्रत्येकीच्या मुखपृष्ठावर टीव्ही मालिकेतला उघड्या छातीचा नट आहे. मुलांनी जुन्या प्रती वाचाव्यात. त्यांच्यावर कोणाची छाती नाही.

कायद्याने मी बेर्नाबे यांचा कोणी नव्हतो, म्हणून पुस्तकांचे हक्क त्यांच्या भावाकडे आणि भावाकडून पुतण्याकडे, म्हणजे श्री. एर्नान दारियो यांच्याकडे गेले. त्यांनी ते राजधानीतल्या मालिकावाल्यांना विकले, नंतर नाटकवाल्यांना विकले. मी काही मागितले नाही आणि या कागदानेही मागत नाही. फक्त एक नोंदवून ठेवतो. करार झाल्यावर ते माझ्या दुकानात आले होते आणि पट्टे बघता बघता त्यांनी विचारले होते, "डॉन आर्सेसियो, काकांच्या कुठल्या पुस्तकात ती नदी आहे हो? लोक विचारतात."

मी म्हणालो, "कुठल्याच नाही."

"असं कसं? चौथ्या भागात एवढी मोठी नदी आहे."

"आपल्या गावाला नदी आहे का, एर्नान दारियो?"

त्यांनी जरा विचार केला. "ओढा आहे," ते म्हणाले.

कलम पाचवे. या कलमात देण्यासारखे काही नाही. फक्त मनातले आहे.

मालिकेत माझ्या जागी एक मासे धरणारा तरुण आहे. बेर्नाबे त्याला ओल्या वाळूत बोटाने अक्षरे शिकवतात, आणि चौथ्या भागाच्या शेवटी तो नदीत बुडून मरतो, म्हणजे मग त्यांना उरलेले चार भाग त्याच्यासाठी झुरता येते. मला अक्षरे सिस्टर बेनिल्दा यांनी पट्टी मारून शिकवली. बेर्नाबे भेटले तेव्हा मी बाविशीत होतो आणि दर रविवारी चर्चमध्ये वाचन करत होतो. पुढे ते लिहिलेली पाने आधी मला देत.

"हे पान कंटाळवाणं आहे," मी एकदा म्हणालो.

"कुठे?"

"तुम्हाला तुम्ही हुशार वाटायला लागलात, तिथपासून."

ते पान त्यांनी फाडले आणि संध्याकाळभर माझ्याशी बोलले नाहीत. मग म्हणाले, "अहो, उठा, जेवून घ्या." आम्ही शेवटपर्यंत एकमेकांना अहो-जाहोच करत होतो. या डोंगरात जवळच्या माणसाशी असेच बोलतात. मालिकेत पहिल्याच भेटीत एकेरीवर येतात.

नाटक मी मेदेयीनला जाऊन पाहिले, फाबियोलाला घेऊन. त्यात मी नाहीच. माझ्या जागी एक कंदील आहे. लेखक लिहीत असतो आणि कंदील वर छताला टांगलेला असतो. नाटक संपल्यावर दिग्दर्शक बाईंनी समजावून सांगितले की तो कंदील म्हणजे प्रेम. परतीच्या बसमध्ये फाबियोलाने नाटकाच्या तिकिटाची घडी घातली. मग म्हणाली, "निदान तेल तरी घालायचं होतं रे तुझ्यात. पूर्ण नाटकभर विझलेलाच होतास."

मी हसलो. तेव्हा हसलो.

खोटे लिहायचे नाही म्हणून हेही लिहितो. मालिकेनंतर गावात बाहेरची मुले येऊ लागली. मागच्या इस्टरला चर्चच्या पायऱ्यांवर दोन तरुण एकमेकांचा हात धरून बसले होते, आणि समोरच्या केकवाल्या बाईने त्यांना विचारले, "काय रे पोरांनो, पेरूचा घेता की दुधाचा?" बस, एवढेच. दगड नाही, शिटी नाही. बेर्नाबे आणि मी सात वर्षांत त्या चौकातून एकदाही बरोबरीने चाललो नाही. ते पुढे, मी मागे, हातात गिऱ्हाइकाचे काहीतरी. त्या पोरांसाठी मी देवाचे आभार मानले. पण ज्या खोट्यामुळे त्यांना तिथे बसता आले त्याचे आभार मला मानता येत नाहीत. देवाने याबद्दल मला काय म्हणायचे ते म्हणावे.

कलम सहावे. आता तोबियास.

बेर्नाबे वारले तेव्हा मी त्यांचे भाऊ डॉन लासारो यांच्या दारी गेलो. दफनभूमीत एचेवेरींचे संगमरवरी घर आहे. त्यांचे सगळे पूर्वज त्यात आहेत. मी वाड्याच्या पायरीखाली उभा राहून तिथे जागा मागितली.

"जागा नाही," डॉन लासारो म्हणाले.

"खालची ओळ रिकामी आहे, डॉन लासारो."

"ती आमच्यासाठी आहे."

"तेही तुमचेच आहेत."

"होते," ते म्हणाले, आणि त्यांनी दार लावले.

मग मी दफनभूमीच्या मागच्या भिंतीत भाड्याचा कप्पा घेतला, नंबर एकेचाळीस. दगडावर नाव कोरायची ऐपत नव्हती. नुसता चुना आणि नंबर. भाड्याचा कप्पा चार वर्षांचा असतो. चार वर्षे भरली की घरच्यांनी यायचे, समोर उभे राहून कप्पा फोडून घ्यायचा, हाडे स्वच्छ करायची आणि चर्चच्या तळघरातल्या अस्थींच्या कोनाड्यात न्यायची. कोणी आले नाही तर पोत्यात भरून सामाईक खड्ड्यात. गावातले गरीब लोक स्वतःच्या मुलांचे वाढदिवस विसरतील, हा दिवस विसरत नाहीत.

त्या दिवशी एचेवेरींकडून कोणी आले नाही. मुद्दाम आले नाहीत असेही नाही. असा दिवस असतो, हेच त्यांना माहीत नव्हते. ज्यांची माणसे संगमरवरात कायमची झोपतात, त्यांना वाटते मेलेला माणूस जिथे ठेवला तिथेच राहतो.

मी गेलो. कबरखणक मिसाएल यांनी भिंत फोडली आणि पाठ करून उभे राहिले, मला मोकळीक मिळावी म्हणून. मी एकेक हाड मऊ ब्रशने साफ केले आणि उसाच्या दारूने पुसले. डाव्या पायाच्या नळीपाशी मी थांबलो. लहानपणी खेचरावरून पडून ते हाड वाकडे जुळले होते. त्यामुळे बेर्नाबे चालताना जरा डावीकडे झुकत. ते वाकडेपण मी आधी फक्त बाहेरून पाहिले होते. मी त्यांच्यासाठी खोगिराच्या कातड्याची पेटी शिवून नेली होती, दुहेरी शिवणीची, आत मेंढीचे कातडे. तीत त्यांना ठेवले आणि चर्चच्या तळघरात आईच्या शेजारच्या कोनाड्यात नेले. कोनाड्यावर 'ग्राखालेस मारीन' असे लिहिले आहे. ते अजून तिथेच आहेत.

त्याच आठवड्यात एकेचाळीस नंबरात तोबियास सेपेदा यांना ठेवले. तोबियास लॉटरीची तिकिटे विकायचे. कुठून आले कोणाला ठाऊक नव्हते, मागे कोणी नव्हते. खर्च परगण्याने केला, नाव कोणी घातले नाही. पुढे भूकंपात ती भिंत तडकली, ती ओळ बंद झाली, आणि तोबियास यांना बाहेर काढायचे राहून गेले.

मालिका गाजली तेव्हा श्री. एर्नान दारियो महापौरांना, बॅंडला आणि छायाचित्रकारांना घेऊन दफनभूमीत गेले. आपल्या काकांना सन्मानाने घराण्याच्या समाधीत न्यायचे असे त्यांनी वर्तमानपत्रात दिले होते. बेर्नाबे एकेचाळीस नंबरात पुरले गेले हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. मिसाएल यांनी भिंत फोडली. संध्याकाळी ते माझ्या दुकानात येऊन बसले.

"तुम्ही सांगितलं का नाही त्यांना?" मी विचारले.

"विचारलं कुठे? एकेचाळीस फोडा म्हणाले, एकेचाळीस फोडला. आत कोण आहे हे एकाने तरी विचारावं की नाही?"

"आणि तोबियास?"

"बरं झालं त्याचं. आयुष्यभर लोकांना बक्षिसं वाटली, एकदाची त्यालाही सोडत लागली." मग ते हसायचे थांबले. "सांगू का जाऊन? तुम्ही म्हणत असाल तर आत्ता सांगतो."

मी नको म्हणालो. सांगितले असते तर ते दुसऱ्या दिवशी चर्चच्या तळघरात आले असते, बॅंड घेऊन. रक्ताचे नाते त्यांचे, कायदा त्यांचा. माझ्याकडे एक कातड्याची पेटी आणि वाकड्या हाडाची आठवण. त्यांनी मला हक्कांतून वगळले, मालिकेत बुडवले, नाटकात टांगले, ते मी सोसले. ती पेटी नेलेली मला सोसली नसती. म्हणून गप्प राहिलो.

समाधीच्या समारंभाला मला शेवटच्या ओळीत खुर्ची होती. श्री. एर्नान दारियो मला पाहून म्हणाले, "डॉन आर्सेसियो, या, फोटोत या. जरा बाजूला. अजून जरा. हां, तिथेच." माझी भूमिका करणारा नट समाधीवर डोके टेकून रडला. खरेच रडला, मुलगा वाईट नाही. नंतर माझ्याजवळ येऊन त्याने विचारले, "काका, तुम्ही ओळखत होतात त्यांना?"

"त्यांची पेटी मी शिवली," मी म्हणालो.

"किती नशीबवान," तो म्हणाला आणि माझा हात त्याने दोन्ही हातांत धरला.

श्री. एर्नान दारियो यांना हे कळल्यावर ते तोबियास यांना बाहेर काढायला बघतील. तसे करू नये ही माझी विनंती. त्या माणसाला आयुष्यात कोणी घरात घेतले नाही. मी दर महिन्याला समाधीवर जातो आणि त्यांच्यासाठी माळ जपतो, आणि तिथे ठेवलेली फुले बघून मला बरे वाटते. श्री. एर्नान दारियो यांनी समाधीच्या पाटीवर तोबियास यांचे नाव घालावे. दगड मोठा आहे, जागा आहे.

कलम सातवे आणि शेवटचे. माझे शरीर.

मला जमिनीत जायचे होते. माझ्या आईला, आजीला, प्रभूला जसे ठेवले तसे. पण जमिनीत गेलो तर माझी हाडे निघायला चार वर्षे लागतील, आणि हे पाकीट फुटल्यावर एचेवेरी चार दिवसही थांबणार नाहीत. म्हणून मला जाळावे. दुसरा उपाय नाही.

फाबियोलाला मी सगळे तोंडी सांगून ठेवले आहे, आणि ती ते नवव्या रात्रीच्या आधी करील. राख घरी आणायची नाही. तळघरात न्यायची, कोनाडा उघडायचा, पेटीचा बंद सोडायचा आणि राख वरून सावकाश ओतायची, हाडांच्या मधे सगळीकडे जाईल अशी. मग पेटी जरा हलवायची, पीठ चाळणीत हलवतो तशी. मग बंद बांधायचा. दुहेरी गाठ.

आताच्या फादरांना मी विचारले होते. ते तरुण आहेत आणि विचारलेल्याचे सरळ उत्तर द्यायचा प्रयत्न करतात.

"फादर, एका पेटीत दोन माणसं चालतात का?"

"खरं तर नाही. पण नवरा-बायकोला नाही म्हणवत नाही. कधी भावांनाही."

"आणि या दोन्हींत न बसणारी?"

फादरांनी माझ्याकडे पाहिले नाही. वेदीवरचे फडके त्यांनी पुन्हा एकदा सारखे केले, ते सारखेच होते.

"पेटी केवढी आहे?" त्यांनी विचारले.

"पुरेशी."

"मग कोनाड्याचं दार लागतंय का एवढं बघा," ते म्हणाले.

दार लागते. मी मोजून शिवली आहे.

तेव्हा श्री. एर्नान दारियो एचेवेरी यांना कळवतो की हे वाचले जात आहे तेव्हा ते काम झालेले आहे. तुमचे काका चर्चच्या तळघरात, माझ्या आईच्या शेजारी, माझ्या नावाच्या दगडामागे आहेत. कायदा तुमच्या बाजूने आहे आणि तुम्ही त्यांना नेऊ शकता. मी अडवायला नाही. पण मला त्यांच्यातून वेगळा काढणारा माणूस या देशात नाही, तुमच्या वकिलांतही नाही. न्यायचे असेल तर आम्हा दोघांना न्यावे लागेल. पुढच्या दाराने, बॅंडसकट, तुमच्या आजोबांच्या शेजारी. खालच्या ओळीत जागा आहे. मी स्वतः पाहिली आहे.

नाहीतर आम्हाला आहोत तिथे राहू द्यावे.

यापूर्वी मी दुसरे काही लिहून ठेवलेले नाही, यानंतर काही लिहिणार नाही. वाचून पाहिले, खाडाखोड नाही, सही करतो.

आर्सेसियो ग्राखालेस मारीन

सांता रीता दे ला लोमा, मंगळवार, १३ ऑगस्ट २०२४

बंद पाकिटाचे साक्षीदार, मजकूर न वाचता:
मिसाएल तोरो, निवृत्त कबरखणक (डाव्या अंगठ्याचा ठसा)
लिहिया सेर्ना, केक विकणे
अबेलार्दो किन्तेरो, खेचरवाला
दियोसेलिना पारा, शिक्षिका, एल साल्तो
होसे उबाल्दो हेनाओ, चर्चचा घंटावाला